थिऑर्बो दिसतो, पण ऐकू येत नाही: जुन्या युरोपीय वाद्यमेळात हलक्या आवाजाच्या तंतुवाद्यांचे काय करावे?

दीर्घतंतू

नमस्कार मंडळी. मी गेली नऊ वर्षे नेदरलँड्समध्ये उत्रेख्तजवळ राहतो आणि एका लहानशा हौशी वाद्यमेळात थिऑर्बो वाजवतो. ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो, की हे ल्यूट या छेडून वाजवायच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्याच्या कुळातले, उभ्या कापलेल्या भोपळ्यासारख्या पाठीचे वाद्य असून त्याच्या नेहमीच्या मानेपुढे आणखी एक लांब मान जोडलेली असते. पडद्यांवरच्या सहा तारा बोटांनी दाबायच्या आणि लांब मानेवरच्या आठ खर्जाच्या तारा मोकळ्याच छेडायच्या. माझे वाद्य उभे केले तर माझ्यापेक्षा उंच भरते आणि ट्रेनमध्ये त्याला पाहून लोक आपण होऊन जागा करून देतात. एवढा देह असूनही ते ऐकू येत नाही, हीच माझी तक्रार आहे.

गेल्या महिन्यात एका जुन्या दगडी चर्चमध्ये आमचा कार्यक्रम झाला. चार गायक, दोन व्हायोलिन, एक चेलो, एक व्हायोलोने (चेलोहून मोठे, खर्जाचे गजवाद्य), पेटीएवढा छोटा ऑर्गन आणि मी, असा सरंजाम होता, आणि संगीत सतराव्या शतकातला इटालियन संगीतकार मॉन्तेवेर्दी व त्याच्या समकालीनांचे, म्हणजे थिऑर्बो जिथे हवाच असे होते. सौभाग्यवती सातव्या रांगेत बसल्या होत्या. घरी येताना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझा हात हलत होता, म्हणजे तू वाजवत असणार."

प्रश्न असा, की हे वाद्य ऐकू यावे म्हणून नेमके काय करता येते? जाड तारा, नखे, बसण्याची जागा, माइक, की इतरांनाच हळू वाजवायला सांगायचे? आमच्या संचालकबाईंना माइक अजिबात मान्य नाही. इथे सतार, वीणा वाजवणारे आणि ध्वनितंत्रातले जाणकार आहेत, म्हणून विचारतो आहे.

ध्वनिक्षेपक

मी पुण्यात वीस वर्षे मैफलींचे ध्वनिसंयोजन करतो आहे. माझे उत्तर सरळ आहे: वाद्यावर चिमट्याने बसणारा लहान माइक लावा आणि मोकळे व्हा. सतारीला, संतूरला, वीणेला आपण माइक लावतोच, आणि त्यावाचून कोणाचा धर्म बुडालेला नाही.

सव्वाबारा

संचालकबाईंना सांगा की हा माइक सतराव्या शतकातला आहे, फक्त त्याचा विजेचा भाग नंतर बसवला.

शंकेखोर

ध्वनिक्षेपकजी, मूळ प्रश्न वेगळा आहे असे मला वाटते. ज्या काळात वीजच नव्हती त्या काळात लोक हेच वाद्य चर्चमध्ये आणि नाटकगृहात वाजवत होते. मग एकतर ते ऐकू येत होते, किंवा ते ऐकू यावे अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. यातले कोणते खरे, हे ठरवल्याशिवाय उपाय कसा सुचवणार?

जुनी_पाने

शंकेखोरजींचा मुद्दा रास्त आहे आणि त्याचे निम्मे उत्तर कागदोपत्री सापडते. थिऑर्बो, किंवा इटलीत ज्याला कितारोने म्हणत, ते वाद्य मुळात मोठ्या आवाजाच्या गरजेपोटीच जन्मले. १५८९ मध्ये फ्लॉरेन्सला मेदिची घराण्यातल्या लग्नानिमित्त जे भव्य नाट्यसंगीत झाले त्यात ते प्रथम दिसते. साध्या ल्यूटला एकट्या गायकाची साथ झेपत होती, पण रंगमंचावरच्या गायकाला खर्जाचा भक्कम आधार हवा होता. तो मिळावा म्हणून तारा लांब केल्या आणि खोकेही मोठे केले. मॉन्तेवेर्दीने १६०७ मध्ये मांतुआच्या दरबारासाठी 'ऑर्फेओ' हा ऑपेरा लिहिला, त्याच्या वाद्यांच्या यादीत दोन कितारोने स्पष्ट नोंदवलेले आहेत.

त्याच वर्षी आगात्सारी नावाच्या संगीतकाराने साथीच्या वाद्यांवर छोटे पुस्तक काढले. त्यात त्याने वाद्यांची दोन कामे सांगितली आहेत: पायाचे काम आणि अलंकाराचे काम. ऑर्गन पाया घालतो, व्हायोलिन नक्षी काढते, आणि ल्यूट, थिऑर्बो यांच्याकडे प्रसंगानुसार दोन्ही कामे येतात. दीर्घतंतूजी, आपण त्या दिवशी कोणते काम करत होता?

दीर्घतंतू

प्रामाणिकपणे सांगायचे तर मी सगळीकडे, सगळ्यांबरोबर, समोरच्या कागदावर जेवढे आहे तेवढे सगळे वाजवत होतो.

चेलोवाली

मी लंडनमध्ये बरोक (सतराव्या-अठराव्या शतकातल्या घडणीचा) चेलो वाजवते, म्हणजे तुमच्या तक्रारीतली दुसरी पार्टी मीच. माझ्या अनुभवाचे दोन शब्द.

गजाने वाजवलेला सूर आणि छेडलेला सूर यांची जातच निराळी असते. छेडलेल्या तारेचा सगळा जीव पहिल्या क्षणात असतो आणि तिथून तो उतरतच जातो. गजाचा सूर याच्या उलट हळूहळू फुगतो आणि वादकाने ठरवले तर संपतच नाही. मी पूर्ण मात्राभर गज ओढत राहिले तर त्या मात्रेत थिऑर्बोला शिरायला फटच उरत नाही. म्हणून आमच्या वाद्यमेळात पहिली गोष्ट ठरते ती ही, की चेलो आणि व्हायोलोने यांनी प्रत्येक सुराचे टोक सोडायचे. सूर लावायचा, तो सैल करायचा आणि पुढच्या सुरापूर्वी बारीकशी हवा ठेवायची. जुन्या गजाची घडणही अशीच आहे, त्याला टोकाशी जोर देता येत नाही.

दुसरी गोष्ट थिऑर्बोवाल्यांच्या जिवाला लागते, पण सांगते. चेलो आणि थिऑर्बो खालचा सूर अगदी एकाच क्षणी वाजवतात तेव्हा श्रोत्याला थिऑर्बो वेगळा ऐकू येत नाही, पण चेलोच्या सुराला एकदम कणखर सुरुवात मिळते. 'म' ऐवजी 'ब' म्हटल्यासारखे काहीसे होते. श्रोता म्हणतो, "काय छान चेलो!" श्रेय मला मिळते, आणि मी ते नाकारत नाही. पण वरच्या सुरांची जुळणी तुम्ही मात्रा पडल्यानंतर, मी सोडलेल्या फटीत, एकेक तार सुटी करून वाजवलीत तर ती तुमची म्हणून ऐकू येते. समेवर सगळे एकदम हाणले की तुमचे सगळे माझ्या पोटात जाते.

कोमल_रिषभ

चेलोवालीताई, 'म' आणि 'ब' ही उपमा फार आवडली. सतारीच्या जोडवादनात सनई किंवा बासरी असेल तर आम्हीही हाच अनुभव घेतो: लांब सुरांच्या वाद्यासमोर सतारीने लयीच्या अंगाने जावे, सुराच्या लांबीने स्पर्धा करू नये.

डेसिबल

आकड्यांशी खेळणे हा माझा व्यवसाय आहे (इमारतींचे ध्वनिशास्त्र), म्हणून थोडे आकडे मांडतो.

एकाऐवजी दोन थिऑर्बो घेतले तर पातळी ३ डेसिबलने वाढते, म्हणजे जेमतेम जाणवेल इतकी. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे एकाचे दहा वादक करावे लागतील. तेव्हा संख्या वाढवण्याचा मार्ग महाग आहे. याउलट इतरांपैकी दोघे-तिघे गप्प बसले तर खर्च शून्य.

दुसरे म्हणजे खालचा सूर वरच्या सुराला जितका झाकतो तितका वरचा सूर खालच्याला झाकत नाही, हा मानवी कानाचा स्वभाव आहे. तुमच्या मेळात व्हायोलोने बहुधा लिहिलेल्या सुराच्या एक सप्तक खाली वाजत असेल आणि ऑर्गनच्या नळ्या अखंड बोलत असतील. हे दोघे मिळून खालून वरपर्यंत पांघरूण घालतात. त्याखाली तुमची एकेक तार म्हणजे दुलईखाली वाजणारे मनगटी घड्याळ.

तिसरे म्हणजे जागा. समजा त्या चर्चचे आकारमान ६००० घनमीटर आहे आणि आवाज विरायला ४ सेकंद लागतात. अशा जागेत वाद्याचा थेट आवाज आणि भिंतींवरून घुमून येणारा आवाज यांची बरोबरी साधारण सव्वादोन मीटरवर होते. त्यापलीकडे घुमाऱ्याचेच राज्य असते. सातवी रांग तर सोडाच, पहिली रांगही घुमाऱ्यातच बसलेली असते. म्हणून अशा ठिकाणी अधिक जोराने वाजवून फार काही साधत नाही, कारण जोर केला की घुमाराही त्याच प्रमाणात वाढतो. आघाताच्या आधी शांतता असेल तरच आघात उठून दिसतो. चेलोवालीताई ज्याला फट म्हणतात तीच ही शांतता.

आता मला दोन गोष्टी सांगा: आपण नेमके कुठे बसला होता आणि पायाखाली काय होते?

दीर्घतंतू

व्हायोलिनवाल्यांच्या मागे, डावीकडे. लांब मान चेलोवाल्याच्या स्वरलेखाच्या स्टँडला लागत होती म्हणून मी तिरपा बसलो होतो, म्हणजे वाद्याचे तोंड श्रोत्यांकडे नसून खांबाकडे होते. पायाखाली जाड लाल गालिचा होता. थंडी असल्यामुळे मी लोकरी स्वेटर घातला होता आणि वाद्याची पाठ पोटाशी दाबून धरली होती.

हे लिहिताना माझे मलाच हसू येते आहे.

सव्वाबारा

म्हणजे खांबाला सगळे व्यवस्थित ऐकू आले असणार. त्याला विचारून पाहा.

डेसिबल

सव्वाबारा यांनी माझे काम केले. आधी तोंड फिरवा. गालिच्याखालची फरशी उघडी करा किंवा पायाखाली टणक लाकडी फळी टाका, कारण फरशीवरून आणि जवळच्या भिंतीवरून पहिल्या ५० मिलिसेकंदांत परतणारा आवाज कान मूळ आवाजातच जमा धरतो. तुम्ही तोच आवाज गालिच्याला आणि स्वेटरला पाजत होता.

मिरजेचा_नातू

आमचे आजोळ मिरजेचे, आणि लहानपणी तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतून रोजचे येणे-जाणे होते, त्यामुळे हा धागा वाचून राहवले नाही. मला प्रश्न पडतो तो असा, की युरोपीय मंडळींना जवारी ठाऊक नव्हती का? तंबोऱ्याची तार घोडीच्या सपाट पाठीवर घासत घासत कापते आणि त्यामुळे तिचा आवाज लांबतो आणि धारदारही होतो. घोडीवर दोरा किंचित मागे-पुढे सरकवताना एक क्षण असा येतो, की मुकी तार एकदम बोलू लागते. जोर तेवढाच असतो, तरी तोच सूर खोलीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. थिऑर्बोची घोडी मी चित्रात पाहिली, तार तिच्यावर नुसती गाठ मारून बांधलेली दिसते.

जुनी_पाने

ठाऊक होती, निदान तिचे एक भावंड तरी! पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय हार्पला तारेच्या बुडाशी वाकड्या लाकडी खुंट्या असत. त्या अशा फिरवत की कंप पावणारी तार त्यांना निसटती घासे आणि गुणगुणणारा, बराचसा कर्कश आवाज निघे. आजचा श्रोता हार्प म्हटले की मऊ आवाजाची अपेक्षा धरतो, पण त्या काळी हार्पचा नेहमीचा आवाज असा घासणारा होता.

ल्यूटबद्दलही एक गोड पुरावा आहे. १५१७ च्या सुमाराच्या एका व्हेनिसच्या हस्तलिखितात काप्पिरोला या वादकाच्या रचना आणि सूचना त्याच्या शिष्याने उतरवून ठेवल्या आहेत. पडदे असे बांधावेत की तार त्यांना जवळजवळ टेकेल, म्हणजे ल्यूट हार्पसारखा बोलतो, असे तो सांगतो. थोडे विषयांतर होते, पण त्या शिष्याने वहीच्या कडांना पशुपक्ष्यांची रंगीत चित्रे काढली आहेत आणि कारणही लिहिले आहे: पुढे ही वही संगीत न कळणाऱ्याच्या हाती पडली तरी निदान चित्रांसाठी तो ती जपून ठेवील. वही आजही शिकागोत सुरक्षित आहे, त्याअर्थी युक्ती लागू पडली.

पुढे सतराव्या शतकात ल्यूटच्या बाबतीत ही आवड मागे पडली आणि स्वच्छ, गोड सुराला मान आला. माझ्या मते आपण गमावलेल्या गोष्टींत ही मोठी आहे.

मिरजेचा_नातू

चित्रांची युक्ती ऐकून आनंद झाला. जवारीची बातमी ऐकून त्याहून अधिक झाला.

कोमल_रिषभ

रुद्रवीणेचा विषय कोणीतरी काढायलाच हवा होता. उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी वीणेची दांडी आणि भोपळे मोठे व जड करून घेतले आणि ते नखीशिवाय, बोटांनीच वाजवत. त्यांचे गुरुकुल पनवेलजवळ पळस्प्याला होते. त्या बदलांमुळे सूर खोल झाला, लांब टिकू लागला. पण लक्षात घ्या, तो मोठ्याने ओरडू लागला नाही. ते संगीत जवळ बसूनच ऐकायचे आहे किंवा माइकमधून. माइक आल्यामुळे वीणेचा संथ आलाप हजार माणसांपर्यंत गेला, हे आपण मान्य करायला हवे. थिऑर्बोच्या बाबतीत ही सोवळेओवळ्याची भावना कशासाठी?

ध्वनिक्षेपक

आभारी आहे. मला वाटले मी एकटाच पडलो.

माइक म्हटले की लोकांना भिंतीएवढे काळे खोके दिसते. तसे करायचे नसते. हास नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये दाखवून दिले, की तोच आवाज दोन ठिकाणांहून काही मिलिसेकंदांच्या फरकाने आला तर कान जागा पहिल्याचीच धरतो, दुसरा बराच मोठा असला तरी. म्हणून एक लहान स्पीकर वादकाच्या चार-पाच मीटर मागे ठेवायचा. त्याचा आवाज श्रोत्याला साधारण १२ ते १५ मिलिसेकंद उशिरा मिळतो, आणि श्रोत्याला वाटते की सगळे वाद्यातूनच येते आहे. पातळी इतकीच ठेवायची, की बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखे वाटावे, पण चालू असताना ते कोणाच्या ध्यानात येऊ नये. अशी साथ मी एका वीणेच्या कार्यक्रमाला दिली तेव्हा संयोजकांनी माझे मानधन देताना विचारले होते, की आपण नक्की काही लावले होते ना!

शंकेखोर

तंत्र उत्तम आहे, पण माझी हरकत सोवळ्याची नाही. माइक लागला की बाकीचे वादक ऐकणे सोडतात. चेलोवाला फट ठेवणार नाही, ऑर्गनवाला हात उचलणार नाही, कारण "त्याला माइक आहे ना". मग थिऑर्बो वाढवला म्हणून व्हायोलिन वाढते आणि पुढचे सगळे आपण लग्नाच्या वरातीत ऐकलेलेच आहे.

चेलोवाली

शंकेखोरजींशी सहमत. माझ्या एका कार्यक्रमात थिऑर्बोला छुपा माइक होता आणि तालमीत माइक नव्हता. कार्यक्रमात त्याचा खर्ज माझ्यापेक्षा मोठा येऊ लागला आणि सगळा मेळ खाली झुकला. मात्र ध्वनिक्षेपकजींनी सांगितलेल्या पद्धतीने, तालमीपासूनच, उघड्या मैदानातल्या कार्यक्रमासाठी मी माइकला हो म्हणेन. दगडी चर्चमध्ये नाही.

सव्वाबारा

नखांचे काय ठरले? मूळ प्रश्नात नखे होती आणि दोन दिवस झाले तरी त्यांना कोणी विचारलेले नाही.

जुनी_पाने

नखांचा वाद चारशे वर्षांचा आहे आणि तो याच प्रश्नाभोवती फिरतो. पिच्चिनिनी हा बोलोन्याचा थोर वादक १६२३ मध्ये नखांनी वाजवण्याच्या बाजूने लिहितो. इंग्लंडात टॉमस मेस हा केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातला गायक-वादक १६७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात उलट मत देतो: बोटाच्या मांसल टोकाने जो गोडवा निघतो तो नखाने नाही. मात्र पुढे तो कबूल करतो, की अनेकांच्या मेळात नखे चालून जातील, कारण तिथे ल्यूटचा मऊपणा गर्दीत हरवतोच. वृद्धपणी मेसला ऐकू कमी येऊ लागले तेव्हा त्याने १६७२ मध्ये स्वतःसाठी पन्नास तारांचे एक दुतोंडी वाद्य तयार केले, एका बाजूला ल्यूट, दुसऱ्या बाजूला थिऑर्बो, आणि आपण ऐकलेला हा सर्वांत दणदणीत ल्यूट असल्याचे अभिमानाने नोंदवले.

ड्रेस्डेनच्या दरबारातला वाइस हा तर ल्यूटवादकांचा शिरोमणी. त्याने १७२३ च्या पत्रात लिहिले आहे, की ऑपेरा आणि चर्चमधल्या साथीसाठी त्याने आपले एक वाद्य मुद्दाम वेगळे जुळवून घेतले होते. थिऑर्बो सहसा नखांनी वाजवतात आणि जवळून तो आवाज कर्कश लागतो, असेही तो म्हणतो. "जवळून" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. वादकाच्या कानाला जे कर्कश, तेच बहुधा सातव्या रांगेला स्पष्ट.

कोमल_रिषभ

हे अगदी खरे आहे. सतारीची नखी मारताना स्वतःला "टक्" असा धातूचा आवाज येतो, पण ध्वनिमुद्रणात तो जाणवत नाही.

दीर्घतंतू

नखे मला कामामुळे वाढवता येत नाहीत (दिवसभर कळफलक, आणि संध्याकाळी कणीक मळायचे काम माझ्याकडे आहे). पण उजवा हात घोडीच्या जवळ नेऊन पाहिला. सतराव्या शतकातल्या चित्रांत वादकांची करंगळी घोडीला खेटून टेकलेली दिसते, आणि मी आजवर भोकाच्या नक्षीवर हात ठेवून वाजवत होतो, कारण तिथे आवाज मधाळ येतो. घोडीजवळ तार ताठ लागते, बोट दुखते आणि आवाज मला स्वतःला पत्र्यासारखा वाटतो. जुनी_पाने यांचे "जवळून" वाचल्यावर धीर आला.

जाड तारांबद्दल मात्र कोणी बोलले नाही.

डेसिबल

जाड तारा लावल्या की ताण वाढतो, आणि ल्यूटची तबली (खोक्यावरची पातळ फळी) दीड-दोन मिलिमीटरची असते. काही मर्यादेपर्यंत आवाज वाढतो, मग तबलीच जखडते आणि तार सुरुवातीलाच बसून जाते. खरा फायदा तारेच्या लांबीत आहे. आपल्या वाद्याची पडद्यांवरची तार किती लांब आहे?

दीर्घतंतू

७६ सेंटिमीटर, नायलॉन.

जुनी_पाने

इथेच पाणी मुरते! ऐतिहासिक मोठ्या थिऑर्बोंत ही लांबी ८५ ते ९५ सेंटिमीटरपर्यंत जाई. आतड्याच्या तातीला लांबी आणि सूर यांची सांगड घालावी लागते: थिऑर्बोची पहिली तार ४१५ हर्ट्झच्या तिच्या मूळ उंच सुराला लावायची असेल तर ती साधारण ६० सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवता येत नाही, तुटतेच. म्हणून मोठे वाद्य करताना पहिल्या दोन तारा सरळ एक सप्तक खाली उतरवल्या गेल्या. थिऑर्बोच्या त्या विचित्र जुळणीचे कारण हेच आहे. आजकाल प्रवासाला आणि बोटांना सोयीचे म्हणून वाद्य लहान करतात, पण जुळणी मात्र मोठ्या वाद्याचीच ठेवतात. म्हणजे वरच्या तारा उतरवण्याचा तोटा पदरात पडतो, आणि ज्या दणकट आवाजासाठी तो सोसला होता तो मिळत नाही.

सव्वाबारा

म्हणजे रेल्वेत त्याला अजून एक जागा घ्यावी लागणार.

चेलोवाली

नवे वाद्य घेण्याआधी एक स्वस्त प्रयोग करा. रचनाकारांनी स्वतः काय केले ते पाहा. विवाल्दीने ल्यूटसाठी जो प्रसिद्ध कॉन्चेर्तो (एका वाद्याला पुढे ठेवून लिहिलेली रचना) लिहिला त्यात दोन व्हायोलिन आणि खालची ओळ एवढेच आहे, व्हियोला (व्हायोलिनहून मोठे, खालच्या सुराचे वाद्य) त्याने काढूनच टाकला. व्हियोला द'अमोरे (तरफांच्या तारांचे जुने गजवाद्य) आणि ल्यूट यांच्यासाठी त्याने दुसरा कॉन्चेर्तो लिहिला, तो १७४० मध्ये व्हेनिसला वाजला, आणि त्यात साथीच्या सर्व वाद्यांच्या घोड्यांना दाबणी (आवाज मंद करणारा चिमटा) लावायला सांगितले आहे. बाखने 'सेंट जॉन पॅशन' या चर्चसाठीच्या मोठ्या रचनेत ल्यूट वापरला तो एकाच संथ गाण्यात, एक गायक, दोन व्हियोला द'अमोरे आणि खर्ज एवढ्यांसोबत, आणि ल्यूटवादक उपलब्ध नव्हता तेव्हा तो भाग ऑर्गनला किंवा हार्प्सिकॉर्डला दिला. यांतल्या कोणीही ल्यूटवाल्याला "जोरात वाजव" असे लिहिलेले नाही. त्यांनी आजूबाजूची गर्दी कमी केली.

मिरजेचा_नातू

एक भाबडा प्रश्न. तंबोरा चालू असतो तेव्हा कोणाचे त्याच्याकडे लक्ष नसते, पण तार उतरली किंवा वाजवणाऱ्याला डुलकी लागली की सभागृहातल्या शेवटच्या माणसाला कळते. दीर्घतंतूजी, आपण वाजवायचे थांबलात तर काय होते, हे कधी पाहिले आहे का?

दीर्घतंतू

नाही. आणि या धाग्यावरचा हा सर्वांत अवघड प्रश्न आहे. पुढच्या तालमीला पाहतो.

दीर्घतंतू (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिराबद्दल क्षमस्व. बरेच काही घडले, ते सविस्तर लिहितो.

प्रथम मिरजेचा_नातू यांचा प्रयोग. तालमीत सातव्या रांगेत फोन ध्वनिमुद्रणाला ठेवला आणि दोन रचना आम्ही थिऑर्बोसह आणि थिऑर्बोशिवाय अशा वाजवल्या. सगळ्यांचा एकत्र घोष असलेल्या रचनेत दोन्ही मुद्रणांत मला काडीचाही फरक सापडला नाही. संचालकबाईंनाही सापडला नाही, आणि हे त्यांनी जरा अधिकच मोकळेपणाने सांगितले. पण एकट्या गायिकेच्या रचनेत थिऑर्बो काढल्यावर गायिका दुसऱ्याच ओळीला थांबून म्हणाली, की मला शब्द कुठे टाकायचा ते समजत नाही. तिला मी ऐकू येत होतो! चेलोवाल्याने सांगितले, की त्याला गज कधी उचलायचा याचा अंदाज माझ्या हातावरून येत होता.

त्यानंतर आगात्सारीची दोन कामे समोर ठेवून आम्ही कार्यक्रमपत्रिका पेन्सिलीने रंगवली. मोठ्या घोषाच्या चार रचनांतून मी पूर्ण बाहेर पडलो. सुरुवातीला अपमान वाटला, नंतर खुर्चीवर बसून संगीत ऐकायला मिळाले. एकल आणि द्विगायनाच्या रचनांत ऑर्गन आणि व्हायोलोने गप्प राहिले, तिथे फक्त चेलो आणि मी. ऑर्गनवादक गृहस्थ सत्तरीचे आहेत आणि अखंड वाजवणे ही त्यांची चाळीस वर्षांची सवय, त्यामुळे पहिल्या तालमीत त्यांची बोटे आपोआप पट्ट्यांवर जात. शेवटी त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेऊन बसण्याचा मार्ग काढला.

गालिचा गुंडाळून ठेवला. मी गायकांच्या लगत, मध्याच्या किंचित उजवीकडे, तोंड श्रोत्यांकडे करून बसलो. चेलोचा स्टँड मानेच्या दुसऱ्या बाजूला गेला. स्वेटरऐवजी सुती सदरा घातला आणि वाद्य मांडीवरच्या पट्ट्याने असे अडकवले की पाठ पोटापासून चार बोटे सुटी राहिली. हा एवढाच बदल मला हातात जाणवला, लाकूड थरथरत होते. हात घोडीजवळ नेला आणि सूर निम्मे केले, कारण घोडीजवळ सगळे सूर वाजवण्याइतकी माझी बोटे अजून तयार नाहीत. खालचा सूर चेलोबरोबर, वरचे फटीत, हे चेलोवालीताईंचे सूत्र मी स्वरलेखाच्या डोक्यावर मराठीत लिहून ठेवले होते. शेजारच्या गायकाने ते काय आहे विचारले, तेव्हा मी मंत्र आहे म्हणून सांगितले.

माइक लावला नाही. नवे वाद्य घेतलेले नाही, पण दोन कारागिरांना ८६ सेंटिमीटरच्या थिऑर्बोबद्दल पत्र टाकले आहे.

ध्वनिक्षेपक

अभिनंदन. माइकशिवाय झाले याचे किंचित दुःख आहे. पण सातव्या रांगेचा निकाल काय लागला?

दीर्घतंतू

सौभाग्यवतींना तीच खुर्ची दिली होती, आणि कार्यक्रमपत्रिकेवर जिथे जिथे थिऑर्बो ऐकू येईल तिथे पेन्सिलीने खूण करायला सांगितले होते, हाताकडे न बघता. मी ज्या नऊ रचनांत वाजवले त्यांपैकी सहांवर बरोबर खुणा आहेत. एका ठिकाणी त्यांनी दोनदा खूण करून शेजारी "छान" असे लिहिले आहे, आणि ती रचना मी ज्या चार रचनांतून बाहेर पडलो होतो त्यांपैकी एक निघाली.

चेलोवाली

त्या रचनेत तुमच्या चेलोवाल्याने गज खाली ठेवून बोटांनी तारा छेडल्या होत्या का?

दीर्घतंतू

हो, शेवटच्या कडव्यात. मी त्याला अजून सांगितलेले नाही.